घेते, पण लावत नाही

मंगळवारी दुकानात मी एकटीच असते.
चर्चमागची खोली, लोकांनी टाकलेले कपडे,
आणि नियम एकच: विकण्याआधी खिसे तपासायचे.
सापडतं ते ठरलेलंच,
दातकोरणं, फेरीबोटीचं अर्धं तिकीट,
लोकरीला चिकटून बसलेली पेपरमिंटची गोळी.

हा कोट डिरीनांच्या घरातून आला.
घर विकलं, खोकी इकडे.
तपकिरी, जाड, डांबरगोळ्यांच्या वासानं थकलेला.
खिसे रिकामे.
पण उचलला तर डावीकडून जड.

अस्तर उसवलं.
आत बिल्ले.
पत्र्याचे, शर्टाच्या बटणापेक्षा जरासे मोठे,
एकाखाली एक टाचलेले. मोजले, अकरा.
प्रत्येकावर तोच शिपाई,
मान खाली, बंदूक उलटी, पायांखाली उंच खांब,
भोवती गोल अक्षरांत आमच्या गावाचं नाव.

आता गंमत सांगते.
आमच्या गावात असा शिपाई नाही.
कधीच नव्हता.

एकोणीसशे एकवीस साली पिबससाहेबानं
(जॅमचा कारखाना त्याचा, समितीही त्याचीच)
दगड ठरायच्या आधी मेलबर्नहून बिल्ले मागवले. दोन हजार.
गावात माणसं सातशे,
त्यांतली कितीतरी अजून रांगणारी.
शिलिंगाला एक.
बाजारात तुरी म्हणतात ते हेच.
त्या वर्षी बोटी आल्या नाहीत,
सफरचंदं पेट्यांतच कुजली,
समितीनं आधी शिपाई गाळला,
मग खांब.
उरला घोड्यांना पाणी पाजायचा हौद
आणि त्याच्या कठड्यावर अठरा नावं.
आता नगरपालिका त्यात जिरेनियम लावते.

हिशेब माझ्या आजोबांकडे असायचे.
वही अजून माझ्या कपाटात आहे.
‘सौ. डिरीन, शिलिंग एक.’ शनिवार.
पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही.
लहानपणी मला वाटे, बाई श्रीमंत असणार.
ती हॉटेलच्या चादरी धूत असे.
समासात आजोबांनी शिसपेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
घेते, पण लावत नाही.

तिचा लॉर्कन परत आला होता.
म्हणजे बोटीवरून उतरला, दोन हात, दोन पाय,
बँड त्याच्यासाठीही वाजला.
चार महिन्यांनी, मे महिन्यात,
धक्क्यावर बूट सापडले,
शेजारी घडी घातलेला कोट.
बाकीचं नदीनं तिसऱ्या दिवशी दिलं.

समितीचा ठराव: तिकडे पडले त्यांचीच नावं.
अक्षर आजोबांचं, वळणदार.
काळ्या दगडावरची रेघ म्हणावी,
तर आमचा दगड पिवळसर, भुसभुशीत,
अठरातली पाच नावं आता
बोटं फिरवूनच वाचावी लागतात.

एक बिल्ला काढून पाहिला.
खाली कापडावर गंजाचं वर्तुळ,
पिनेची दोन भोकं.
त्याच भोकांतून परत लावला,
दोनदा चुकून.

वाटलं, नगरपालिकेला कळवावं.
ते काचेची पेटी करतील, पाटी लावतील,
पाटीवर पिबसचं नाव येईल.
वाटलं, घरी न्यावेत, वहीशेजारी ठेवावेत.
त्या वहीशेजारी?
नको.

सुईदोरा घेऊन अस्तर शिवून टाकलं.
तिच्याइतके बारीक टाके मला जमत नाहीत.
किमतीची चिठ्ठी लावली नाही.
कोट मागच्या खुंटीला टांगला,
जिथं आम्ही आमचे टांगतो.
बाहेरून काही दिसत नाही.
डावी बाजू जराशी ओढली जाते, एवढंच.

गुरुवारी इस्लाची पाळी.
ती विचारेल, हा कुणाचा राहिलाय?
सांगेन, लॉर्कनचा.